पाणी नसेल तर ती मेणबत्ती

देवस्थळीकाका डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, त्याच आठवड्यात त्यांनी आमची बेल वाजवली. मी दार उघडलं. नाव नाही, गाव नाही, म्हणाले, "शैला ना तू? जरा डावा गाल दे."

सासूबाई आतून लाटण्यासकट बाहेर आल्या.

काकांच्या हातात स्टीलची ताटली होती आणि ताटलीत शंकरपाळ्याच्या आकाराची एक पांढरी वडी. लाटण्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. "ही गालावर घासायची. फक्त डाव्या. उजवा तसाच ठेव, तुलनेला."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची घोडी, पण अक्कल सातवीतली. मला वाटलं, फुकटात गोरं व्हायला मिळतंय! लगेच गाल पुढे केला. पुढचे दोन महिने मी इमानेइतबारे एकच गाल घासत होते. कल्याणला नणंदेच्या साखरपुड्यात फोटोग्राफर कावला, "ताई, जरा फिरा ना. एका साइडने चकाकताय." आमचे हे म्हणाले, "फिरली तर दुसऱ्या साइडने अंधार पडेल."

काका जन्मभर एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात होते. तेल आणि पाणी एकत्र नांदवायचं, हेच काम. निवृत्तीनंतर त्यांनी भिंती सोडल्या आणि माणसांचे चेहरे धरले. मधमाशांचं मेण आणि कोकमाचं घट्ट तेल वितळवून वडी पाडणं सोपं. पण तसं कोणी म्हटलं की काका उसळायचे. "त्यात पाणी आहे का? नाही ना? मग ती मेणबत्ती! वात घाला आणि लाइट गेले की लावा!"

त्यांना वडीत पाणी हवं होतं. नुसतं नावाला नाही, चांगलं वाटीभर. आणि तरी वडी घट्ट राहायला हवी होती.

आता आमच्या नळाला सकाळी करंगळीएवढी धार यायची, तीही सगळ्यांच्या बादल्या भरायच्या आत आटायची. आमचे हे जिन्यात उभे राहून म्हणायचे, "बिल्डिंगच्या टाकीत पाणी टिकत नाही, आणि हा बाबा ते वडीत टिकवणार."

मी एकदा बघायला गेले होते. दोन शेगड्या. एकीवर मेण आणि कोकमतेल, दुसरीवर गुलाबपाणी आणि तेलापाण्याचं जुळवायला चिमूटभर टाकणखार. दोन्हींत थर्मामीटर. "दोघांना सारखाच ताप यायला हवा," काका सांगत होते. "एक तापलेला आणि एक थंड असला की संसार फाटला." मग बारीक धारेने पाणी ओतत रवीने घुसळायचं. ताकासारखं पांढरं व्हायचं, थाळीत थापायचं. रात्रभर गप्प बसायचं आणि सकाळी बघावं तर वडीला घाम! नाहीतर खाली पाण्याचं तळं. आणि जमलीच, तर आठवड्यात हिरवी बुरशी. पाणी असलं की ते आलंच. म्हणून दर रविवारी नवा घाणा.

दर रविवारी ते विचारायचे, "गार लागलं का?" मी विचारायची, "काका, उजळ दिसते का?" दोघांनी एकमेकांना कधीच उत्तर दिलं नाही.

त्यांच्या बायकोला मात्र मी कधी धड पाहिलं नव्हतं. "तिला जिने जमत नाहीत," एवढंच काका सांगायचे. एकदा दारात दिसल्या, मी नमस्कार केला, तर त्यांनी हात पदरातून काढले नाहीत. मी सासूबाईंना सांगितलं, "भारी शिष्ट बाई."

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. मी थाटात जाहीर केलं, यंदा वाण काकांच्या वड्यांचं. काकांनी आदल्या दिवशी ताट पाठवलं. आणि काय सांगू, एकाही वडीला घाम नव्हता! मी ते ताट कौतुकाने मांडून ठेवलं. कुठे? तर तिळाच्या वड्यांच्या शेजारी.

म्हात्रेवहिनी आमच्या खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. त्यांनी आल्या आल्या एक उचलली आणि तोंडात टाकली.

"अगो बाय, ही कंची बर्फी गो? दातांना मेन बसला!"

काका ताट परत न्यायला नेमके दारात उभे. "थुंका! आधी थुंका, चूळ भरा!" म्हणून ओरडले. वहिनींनी तीनदा चुळा भरल्या. चौथीला काका पुढे झाले आणि हळूच विचारलं, "गार लागलं का?"

"लागला ना! बर्फावानी!"

काकांचा चेहरा असा फुलला की बायका हसायच्या थांबल्या. त्यांनी ताटातली एक वडी उचलली. "शैला, कुंकवाचा करंडा घे. वर चल. तिचं राहिलंय."

काकू खिडकीशी बसल्या होत्या. मी कुंकू लावलं, वाण पुढे केलं, आणि त्यांनी पदरातून हात काढले. दहाही बोटं आत वळलेली, मिटल्या कळीसारखी. संधिवात.

"क्रीमच्या डबीचं झाकण फिरत नाही गं," काकू हसून म्हणाल्या. "फिरलं तरी बोट आत जात नाही. हे लावून देतात, पण तोंडावर दुसऱ्याचा हात मला सोसवत नाही. आणि नुसतं तेलमेण लावलं की चेहरा गुंडाळून ठेवल्यासारखा वाटतो. मी आपलं म्हटलं, आपल्या हाताने तोंड धुतल्यासारखं वाटलं की पुरे. एवढंच म्हटलं, तर यांनी कारखाना काढला."

काकांनी वडी काकूंच्या दोन मनगटांच्या मध्ये ठेवली आणि चटकन पाठ फिरवली. काकूंनी ती कपाळावर घासली. मग गालांवर. डाव्या आणि उजव्याही. मग हनुवटीखाली, मानेवर. अगदी सावकाश.

दर रविवारी मला 'गार लागलं का' विचारणारा माणूस आता बंद पंख्याकडे बघत उभा.

"अहो," काकू म्हणाल्या, "गार लागलं."

"पंख्यावर धूळ फार बसलीय," काका म्हणाले. "पुसायला हवा."

पुढच्या रविवारी पुन्हा बेल. काका, ताटली, वडी.

"आता कशाला? जमलं ना?"

"थंडी होती म्हणून जमलं. उन्हाळा येतोय. त्यात टिकायला हवी. गाल दे."

मी मुकाट्याने गाल पुढे केला. उजळ दिसते का, हे त्यानंतर काकांना कधी विचारलं नाही.

आता या वयात खोटं कशाला बोलू? एकदा विचारलं.