खोटं न बोलणारं मशीन

"माणूस खोटं बोलंल, मशीन न्हाई!"

उदयसिंहाने आष्ट्याच्या स्मशानात भावकीला असं बजावलं, जणू सरहद्दच ताब्यात घेतोय! फौजेत त्याने सुरुंग हुडकले होते. निवृत्तीनंतर छंद म्हणून धातू शोधायचं मशीन घेतलं होतं.

समोर थोरल्या भावाची, जोतिबाची राख. तिसरा दिवस, सावडायला सगळे आलेले. वहिनी विजयमाला हळूच म्हणाली होती, "भावजी, साळूआत्यांनी माझं मंगळसूत्र तोडून चितेवर टाकलं. त्यात आईनं दिलेली वाटी हाय. आई बी न्हाई आता. राख नदीत जायच्या आत बघा."

*मशीनचा गुण: काहीही सोडत नाही.*

टीं! खिळा. टीं! खिळा. चितेत जुनं दार घातलं होतं. बिजागऱ्यांसकट सगळं दार हाताला लागलं! टींऽऽ! "घावलं!" उदयसिंह ओरडला, आणि वर आली जोतिबाच्या मोडक्या मांडीत डॉक्टरांनी बसवलेली सळई. विजयमालाने तोंडाला पदर लावला.

*दोष: तोच.*

त्याने लोखंड गाळायचं बटण दाबलं. मशीन मुकं! सोन्याचा सुटा मणी आणि गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद त्याला सारखेच, दोन्ही गाळतं; वाटीएवढं सोनं मात्र सोडत नाही. उदयसिंहाला हे ठाऊक होतं. भावकीला सांगितलं नव्हतं.

टींऽऽऽ!

साळूआत्या राखेवर पाणी शिंपडायला वाकली होती.

"आत्या, बाजूला सरा! कमरंच्या किल्ल्या वाजत्यात!"

ती सरली. तो तिच्या बाजूला वळला. टींऽऽऽ!

"आवं आत्या, किती येळा सांगू?"

या आरडाओरड्याने निवदाला कावळा फिरकेना. भावकीतले थोरले अर्जुनातात्या हवालदिल झाले. "जोत्याची इच्छा ऱ्हायली! बांधावरची वाट सोडतो रं बाबा, शिव!" कावळा लिंबावरून हलेना.

उदयसिंहाचा हात मात्र थांबला. लोखंड तर गाळलंय. मग लोखंडी किल्ल्या वाजतील कशा?

त्याने साळूआत्याकडे पाहिलं. तिची मूठ कनवटीवर घट्ट होती. ती पुटपुटली, "माझा धनी गेला तवा माझं जळालं. हिचं जळू दिलं न्हाई. तेराव्यानंतर गुपचूप देणार हुते. लोकांदेखत बोलू नगंस, लेकरा."

विजयमालाने ऐकलं. ती खाली बसली.

"काय रं, काय घावलं?" अर्जुनातात्या जवळ आले. त्यांच्या हाती वाटी पडली, तर चितेला वाहिलेलं म्हणून ती राखेबरोबर नदीतच जाणार होती.

उदयसिंहाने मशीन आडवं आपटलं. "कशाचं काय, तात्या! भंगार हाय! सकाळधरनं खोटं वरडतंय! एक शब्द खरा न्हाई ह्याचा!"

मशीन बंद पडलं. स्मशान शांत झालं. कावळा खाली उतरला आणि निवदाला शिवला. सगळ्यांनी हात जोडले.

अर्जुनातात्या मात्र मशीनकडे बघतच होते.

"उदयसिंह, फौजेत असल्याच मशिनीवर सुरुंग हुडकत हुतास व्हय?"

"जी."

"मग वाचलास कसा रं गड्या?"