गच्चीवरचा विनापरवाना तलाव

मंगळवारी आमची इमारत दुसऱ्यांदा नाहीशी झाली. सेक्रेटरींनी ते मला दारात येऊन सांगितलं. "वहिनी, इमारत गेली," ते म्हणाले आणि चपला न काढता आत आले.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा रीतसर गेली होती. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला दिली, सगळ्यांनी सह्या केल्या, सामान हलवलं आणि मग यंत्रं आली. बिऱ्हाडं पांगली. तिसऱ्या मजल्यावरचे सावंत डोंबिवलीला गेले, कुणी कल्याणला, कुणी शीळफाट्याच्याही पुढे. मी आणि माझा नवरा प्रभाकर खोपटला, एसटी डेपोच्या मागे भाड्याने आलो. समोरच्या दारात सेक्रेटरी राहायला आले. जुन्या जागेभोवती पत्रे लागले आणि पत्र्यांच्या आत खड्डा झाला.

दुसऱ्यांदा ती गेली कॉम्प्युटरमधून. ते समजायला आधी सेक्रेटरी समजायला हवेत.

त्यांचं नाव विनायक नेने. पण दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणतात. लग्न केलं नाही. इमारतीच्या तळमजल्यावर, विजेच्या मीटरांशेजारी, एकटे राहत. कोणतीही गोष्ट त्यांना रीतसर लागते. रिक्षात बसायच्या आधी ते रिक्षावाल्याला नमस्कार करून स्वतःचं नाव सांगतात आणि मग त्याचं विचारतात. बरेच रिक्षावाले तेवढ्यात निघून जातात. "त्यांना घाई होती, पण ओळख झाली," असं म्हणून सेक्रेटरी पुढच्या रिक्षाला नमस्कार करतात.

खोपटला आल्यावर त्यांच्याकडे सेक्रेटरीपणा उरला आणि इमारत उरली नाही. दारावर नोटीस लावायची तर फळा नाही, पाण्याची वेळ ठरवायची तर टाकी दुसऱ्यांची. त्यांची पुतणी मीनल डोंबिवलीला राहते आणि एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघते. काका खिडकीत उभे राहून दुसऱ्यांच्या सोसायटीचं पार्किंग सुधारतात हे पाहून तिने त्यांच्या लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, मग ती माणसं आपापली जेवतात, झोपतात, भांडतात आणि आपण बघत बसायचं.

"काका, समुद्रकिनारी बंगला बांधा," मीनल म्हणाली.

सेक्रेटरींनी आमची इमारत बांधली. सगळे मजले, सगळे दरवाजे, जिन्याखालची सायकल. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला ओल होती. गेममध्ये ओल मिळत नव्हती, म्हणून त्यांनी तिथे एक तपकिरी रंगाचं चित्र टांगलं. मग त्यांनी एकेक रहिवासी करायला घेतला. मिशा, चष्मे, पोटं. सावंतांना त्यांनी फोन करून विचारलं की भांग डावीकडे की उजवीकडे.

नियम एकच होता. जे खऱ्यात, तेच इथे. पुढे बऱ्याच दिवसांनी सावंतांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा सेक्रेटरींनी तिला गेममधून सामानासकट सासरी पाठवलं. सावंतांनी मिशी काढली तेव्हा त्यांच्याकडून फोटो मागवला. त्या माणसांची भाषा कुणाला कळत नाही, ती नुसती काहीतरी बडबडतात. मी ते म्हटल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, आपल्या वार्षिक सभेत याहून वेगळं काय ऐकू यायचं?"

मग त्यांचे फोन सुरू झाले. एकदा मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र आणायला गेले तेव्हा सावंतांशी बोलणं चाललं होतं. फोन स्पीकरवर होता.

"सावंत, तुम्ही उपाशी आहात."

"कोण? मी? अहो, मी मिसळ खातोय."

"ते डोंबिवलीत. इथे तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहून रडताय. फ्रिजसमोर कुणीतरी खुर्ची ठेवलीय, त्यामुळे तुम्हाला फ्रिज उघडता येत नाही."

"मग सरकवा ना राव ती खुर्ची!"

"कुणाच्याही घरातलं सामान मी परवानगीशिवाय हलवत नाही. परवानगी आहे का?"

"आहे!"

"लेखी पाठवा."

सावंत काहीतरी पुटपुटले. पण थोड्याच वेळात व्हॉट्सॅपवर परवानगी आली, खाली त्यांच्या पूर्ण नावासकट. खुर्ची हलली. त्यानंतर मात्र गंमत झाली. सावंतच फोन करू लागले. "सेक्रेटरी, मी जेवलो का हो?" "बायको बोलतेय का माझ्याशी? इकडे नाही बोलत, म्हणून विचारलं." कल्याणच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं की त्यांच्या कुंड्या अजून जिन्यात आहेत का. आहेत, म्हणाले सेक्रेटरी, आणि त्या तिथून काढाव्यात अशी त्यांना नोटीसही दिलेली आहे.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण मीनलला काकांच्या कागदपत्रांची काळजी वाटली. लॅपटॉप बिघडला तर? म्हणून तिने त्यांच्या फोल्डरला आपोआप सिंक लावून दिलं. फोल्डरात जे काही असेल त्याची प्रत क्लाउडमध्ये जाईल आणि तिथून तिच्या लॅपटॉपवरही येईल. अकाउंट तिचंच वापरलं, कारण एका घरात दोन कशाला.

"हा क्लाउड कुठे आहे?" सेक्रेटरींनी विचारलं. "ठाणे महापालिकेच्या हद्दीत?"

"काका, तो कुठेही असतो."

"म्हणजे बेपत्ता."

गेमची इमारत त्याच फोल्डरात होती. एका रविवारी मीनलने आपल्या घरी सहज ती उघडली आणि गंमत म्हणून गच्चीवर पोहण्याचा तलाव बांधला. सोमवारी सकाळी तो खोपटला उगवला. सेक्रेटरी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून आमच्या दारात आले. पडद्यावर सावंत पोहत होते.

"विनापरवाना," सेक्रेटरी म्हणाले. "टाकीचं पाणी वापरलंय."

प्रभाकर तेव्हा होता. पलंगावर पडून असायचा, पण हसायला त्याला अजून जमत होतं. तो म्हणाला, "सेक्रेटरी, मला पोहता येत नाही, तेवढी नोंद घ्या."

सेक्रेटरींनी तलाव पाडला. सावंतांनी फोनवर विनवण्या केल्या, "राहू दे हो, आयुष्यात पहिल्यांदा पोहतोय," तरी पाडला. त्यावर सिंकने आपल्या परीने वाद मिटवला. त्याने दोन्ही इमारती ठेवल्या. एक सेक्रेटरींची आणि तिच्या शेजारी 'मीनलची प्रत' अशा नावाची, तलावासकट. सेक्रेटरींनी त्या प्रतीला अनधिकृत घोषित केलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही.

त्यानंतर प्रभाकर गेला.

सेक्रेटरी सगळे दिवस येत होते. दाराशी येणाऱ्यांच्या चपला ओळीत लावत होते. माझ्याशी फार बोलले नाहीत. इमारतीत माझं काय चाललंय हे ते तसंही मला कधी सांगत नसत, आणि मी विचारतही नव्हते. जे खऱ्यात, तेच इथे. त्या नियमाने त्यांनी काय केलं असणार हे मला ठाऊक होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पुढे गेम अडखळू लागला. इमारत सेव्ह करायला गेलं की पडदा गोठायचा आणि कोपऱ्यात दोन बाण गोल फिरत राहायचे. सेक्रेटरींनी सभा बोलावली, व्हिडिओ कॉलवर. विषय: स्वयंचलित सिंकमुळे गेमला बाधा येते काय. मीनलने समजावून सांगितलं की गेम सतत त्याच फाइलीत लिहीत असतो, आणि त्याचवेळी सिंक येऊन ती फाइल उचलून न्यायला बघतं.

"म्हणजे एका नळाला एकदम दोन बादल्या," सेक्रेटरी म्हणाले.

"तसंच. कागदपत्रांना सिंक चांगलं आहे, काका. गेमला त्यातून बाहेर काढा, वेगळ्या फोल्डरात ठेवा. आत्ता करून देऊ?"

ठराव सावंतांनी मांडला, कुलकर्णीबाईंनी अनुमोदन दिलं, एकमताने मंजूर झाला. पण सेक्रेटरींनी मीनलला हात लावू दिला नाही. सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत ठरावाची अंमलबजावणी करता येत नाही.

पुढची सभा व्हायच्या आधी तो मंगळवार आला. मीनलच्या लॅपटॉपवर जागा संपली होती. काकांचं फोल्डर तिच्याकडे नुसतीच प्रत आहे असं समजून तिने ते पुसलं. सिंकने आपलं काम चोख केलं. डोंबिवलीत पुसलेलं खोपटला पुसलं गेलं.

मी चहा केला. सेक्रेटरींनी तो घेतला नाही. "सगळे बाहेर पडले, वहिनी," ते म्हणाले. "नवी बांधून होईपर्यंत निदान इथे सगळे एकत्र होते. आता मी कुणाला काय विचारायला फोन करू?"

मी त्यांना वर्षानुवर्षं पाहत आले आहे. रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

मीनल संध्याकाळी ऑफिसातून परस्पर सेक्रेटरींच्या घरी आली, मीही तिथे गेले. "सॉरी काका, सॉरी," म्हणत लॅपटॉपसमोर बसली. क्लाउडला स्वतःची कचरापेटी असते, पुसलेलं काही दिवस त्यात पडून राहतं, हे तिला माहीत होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मिळाली. दोन्ही मिळाल्या."

"उघड," सेक्रेटरी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही जरा घरी जाऊन बसता का?"

मी गेले नाही.

मीनलने आधी चुकून तिचीच प्रत उघडली. गच्चीवर तलाव होता. ती ओशाळून बंद करणार होती, पण मी तिचा हात धरला. दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत प्रभाकर झाडांना पाणी घालत होता. शर्ट त्याचा नव्हता, तसला हिरवा रंग त्याने कधी घातला नसता. पण पाणी घालताना तो वाकत होता तो तसाच. आत मी पुस्तक वाचत बसले होते.

मग मीनलने दुसरी इमारत उघडली, कालपर्यंतची. सावंत जेवत होते. गच्ची कोरडी होती. आमच्या गॅलरीत कुणी नव्हतं. आत मी पुस्तक वाचत बसले होते.

हे मला माहीत होतंच. मी उठले. तेवढ्यात मीनल म्हणाली, "काका, हे तुमच्या घरात कोण आहे?"

तळमजल्यावर, मीटरांशेजारच्या खोलीत, सेक्रेटरी बुद्धिबळ खेळत बसले होते. समोर हिरव्या शर्टात प्रभाकर होता.

सेक्रेटरी पडद्याकडे न बघता बोलू लागले. "काढायचं बटण आहे. नियमाप्रमाणे मी गेलो होतो तिथपर्यंत. पण दाबवेना. तुमच्या घरी ठेवावेत तर ते नियमात बसत नव्हतं. म्हणून माझ्याकडे आणले, पाहुणे म्हणून."

"पाहुणे किती दिवस राहू शकतात?" मी विचारलं.

"आपल्या उपविधीत पाहुण्याला मुदत लिहिलेली नाही. मी तपासलं."

"प्रभाकरला बुद्धिबळ येत नव्हतं."

"शिकवलं मी. मला तरी कोण होतं तिथे खेळायला?"

मीनलने नाक पुसलं आणि म्हणाली की दोन्ही इमारती ठेवता येतील, काही अडचण नाही. सेक्रेटरींनी मान हलवली. एकच इमारत दोनदा असूच शकत नाही. मग अर्ज लिहायला सांगावा तशा आवाजात मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. तलाववाली म्हणालात तर तलाववाली ठेवू. त्यात ते घरी आहेत. तलाव आपण नियमित करून घेऊ."

त्या प्रतीनंतर त्यांनी केलेलं सगळं त्यात पुसलं गेलं असतं. सावंतांची मुलगी सासरहून परत आली असती. सेक्रेटरी तळमजल्यावर एकटे बसले असते. ते त्यांनाही दिसत होतं, आणि तरी ते उत्तरासाठी थांबले होते.

"जिंकतो कोण?" मी विचारलं.

"ते. बहुतेक वेळा."

"मग हीच ठेवा," मी म्हटलं. "फक्त त्याचा शर्ट बदला. पांढरा द्या."

"लेखी..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. मग शर्ट बदलला.

मीनलने तिथेच बसून इमारत सिंकच्या बाहेर हलवली. इतिवृत्त कायम झालेलं नव्हतं. तरी सेक्रेटरींनी तिला हात लावू दिला.

आता इमारत फक्त त्यांच्या लॅपटॉपवर आहे. दुसऱ्या मजल्यावर मी राहते. प्रभाकर तळमजल्यावर असतो.