खांबांच्या आत मिनीडोर

जवळ्याची चटणी आणि भाकरी खाऊन रत्नपाल घटकाभर लवंडला आणि तेवढ्यात ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवले. सायकल निघेल, मिनीडोर निघणार नाही, एवढीच फट ठेवून. सहा सीटची ती तीनचाकी मिनीडोर मुरुडच्या लाइनीला पळायची, तिच्यावर घर चालायचं. आणि ती दारात उभी होती. म्हणजे आत.

"अवो, उठा! गाडी आत न् मुरुड भायेर!" कोकिळा ओरडली.

रस्ता कसला, बंद पडलेल्या कारखान्याची जुनी रेल्वे. कारखाना बुडाला, रूळ भंगारात गेले, उरला आगरदांड्याच्या बाजूला जाणारा उंच बांध आणि दोन्हीकडे खाजणाचा चिखल. बांधाच्या मध्यावर रत्नपालचं घर. अर्ज करकरून तिथे कधी विजेचा एक खांब आला नाही. पण मुंबईच्या लोकांना सायकलवरून खाडी बघायची म्हटल्यावर लोखंडी खांब मात्र न मागता आले.

रत्नपाल तणतणत सुपरवायझर सुजितकडे गेला.

"अरे सुजित, माझी गाडी आत हाय!"

"दिसतंय ना काका. पण हा सायकल ट्रॅक हाय. गाडी आत आणायचीच न्हाय."

"मी आणली न्हाय रे बाबा! ती व्हतीच! तू मागनं कोंडलीस!"

"मंग सायबांशी बोला."

हापिसात साहेबांनी नकाशा पसरला. "हे बघा, खांब नकाशात आहेत. तुमचं घर नकाशात नाही."

"मंग मी ऱ्हातो कुठं?"

"तो आमच्या खात्याचा प्रश्न नाही."

रत्नपाल रोज चालत हापिसात जायचा आणि रोज तोच नकाशा बघून यायचा. तिकडे मुरुडच्या लाइनीतला त्याचा नंबर दुसऱ्याने घेतला. घरात कोकिळा नुसतं भांडं आपटायची, तेवढ्यावरून त्याला डबे रिकामे झाल्याचं कळायचं.

मग रविवारी सायकलवाले आले. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला टोप, डोळ्यांना काळे चष्मे. देखावा नीट दिसावा म्हणून ठेकेदाराने बांधावरची रानभेंडीची मोठी, सावलीची झाडं मुळासकट काढली होती. देखावा दिसलाच, पण ऊनही दिसलं. रत्नपालच्या दारापर्यंत येता येता माणसं वाळत घातलेल्या बोंबलासारखी लोंबायला लागली.

एक जाडजूड गृहस्थ सायकल टाकून मिनीडोरच्या सावलीत बसले. "भाऊ, ये गाडी चलती है क्या?"

"चलती है," रत्नपाल खेकसला, "पण जाती किधरच नही!"

"बस, खंबे तक छोड दो. जो बोलोगे वो देंगे."

टपावर सायकली बांधल्या, आत माणसं कोंबली आणि मिनीडोर सुटली. त्यांना खांबाशी उतरवून येतो तोवर दारात दुसरी टोळी निपचित पडलेली. दुसऱ्या रविवारपासून कोकिळेने कोकम सरबत मांडलं. डिझेल कॅनमधून यायला लागलं. रत्नपाल प्रत्येक फेरीला साहेबांच्या नावाने शिव्या घालायचाच, पण आता त्या शिव्यांत थोडी माया आली होती.

हे सुख कुणाला तरी खुपलं. सायकलमार्गावर धूर सोडणाऱ्या गाडीचा फोटो थेट वर गेला, वरून साहेबांना झाडलं, आणि साहेब चक्क गॅसकटरवाला घेऊन हजर झाले.

"रत्नपाल! आजच्या आज गाडी बाहेर. खांब कापतोय आम्ही!"

रत्नपाल घमेलं घेऊन खांबाच्या बुडाशी उकिडवा बसला होता आणि थापीने सिमेंट चोपत होता.

"अरे, हे काय चाललंय?"

"हालत व्हता, सायेब. ठेकेदारानं माल कमी घातलेला." त्याने कडेकडेने शेवटचा हात फिरवला आणि गॅसकटरवाल्यावर डोळे वटारले. "लांब ऱ्हा रे! ओला हाय अजून."