उजव्या हाताचं विमान

आमच्या कारध्यातल्या मेश्राम काकाजींना जुन्या फौजी विमानाचा फोटो दाखवा. ते विमानाच्या तोंडाकडे पाहतच नाहीत. चष्मा कपाळावर, फोटो नाकाशी आणि हुकूम सुटतो, "पह्यले शेपटी दाखव!" मग शेपटी न्याहाळून निकाल: "ऑस्टर. उजव्या हाताचं." नाहीतर, "कृषक. हेही उजव्या हाताचंच." आणि फोटो परत.

काकाजी फौजेत विमानांचे फिटर होते. विमानं म्हणजे जेटबिट नव्हेत. ऑस्टर, कृषक अशी कापडी अंगाची, दोन-तीन माणसांची, वरून पाहून आपल्या तोफांना नेम सांगणारी. हे मला कळलं ते शाळेत त्यांचा सत्कार उरकल्यावर. त्या सत्कारात मी भाषण ठोकलं होतं, "कृषक विमानातून धानावर फवारणी करून काकाजींनी शेतकऱ्यांची सेवा केली!" टाळ्याही पडल्या. काकाजी कानाशी आले. "काहून बे मास्तर, मी का तुडतुडे मारत होतो? तोफेचे डोये होते ते!"

'उजव्या हाताचं'चा अर्थही मी आपल्या अकलेनं लावला होता: पायलट उजवीकडे बसत असणार. वर्गात ठासून शिकवलंही.

परवा मोबाईलवर एक जुनं कृषक सापडलं. शेपटीच्या कापडाला जोड, अगदी स्पष्ट. मी धावतच गेलो. काकाजींनी फोटो बोटांनी मोठा केला, इतका की विमान गेलं आणि नुसती शिवण उरली.

"उजव्या हाताचं," शेवटी म्हणाले.

"पायलट उजवीकडे ना, काकाजी?"

"पायलट कायचा बे! शिवणारा." खाटेवरच्या गोधडीवरून त्यांनी बोट फिरवलं. "माहे टाके सायेब उसवून फेके. मंग एकडाव शेपटीचं कापड लपवून क्वार्टरात आणलो. तुह्या काकीनं शिवलन. डावखोरी होती ते. तिचा टाका असा उलटा तिरपा जाये. सायेब म्हणे, शाब्बास मेश्राम!" हसले. "ते इमान मंग कुठं गेलं तं मालूमच नाही."

काकी जाऊन सात वर्षं झाली. गोधडीचे टाके खरंच उलटे होते. त्याच गोधडीवर बसून मी इतकी वर्षं चहा पीत होतो.

"अशी आखीन किती इमानं असतीन बे जगात?"

मोबाईल तर मोजकीच दाखवत होता.

"लय आहेत, काकाजी."

"मंग थांबला काहून? दाखव दुसरं. पह्यले शेपटी!"