सोळा मात्रांनंतर बिबट्या

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही जंगलासारखंच होतं, फक्त तिथे एक रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. हसू नका. तुमच्या गल्लीत तीन आहेत, त्यांना कधी हसलात का?

तर त्या जंगलात तात्याबा नावाचा एक हुप्प्या राहायचा. हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीतला थोरला नर. नाल्याकाठच्या जांभळीच्या शेंड्यावर बसायचं आणि पलीकडे बिबट्या दिसला की ‘खॅक् खॅक्’ ओरडायचं, हे त्याचं काम. खाली चितळांचा कळप चरायचा. तात्याबा वरून त्यांना कोवळा पाला टाकायचा, आणि तो ओरडला की चितळं जीव मुठीत धरून पळायची.

आवाज कसा होता म्हणता? भयंकर. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. ऐकला की डोक्याला विचारायच्या आधी पाय पळायला लागायचे. यमू नावाच्या चितळिणीच्या आईला त्यानं वाचवलं, यमूला वाचवलं, आणि आता तिच्या पाडसालाही दोनदा वाचवलं होतं. यमू त्याला दादा म्हणायची.

पण कळपाचे प्रमुख भगवंतराव. त्यांना कलेची फार जाण. एकदा सभेत ते म्हणाले की इशारा हवा, नाही कोण म्हणतं, पण तो इतका भीतीदायक कशाला? पाडसं दचकतात, रवंथ बिघडतो, पाहुण्यांसमोर लाज वाटते. सगळ्यांनी माना हलवल्या. चितळांचं असंच असतं. पुढच्याची मान हलली की मागच्यांची आपोआप हलते.

मग सगळे निनाद शेकरूकडे गेले. हा निनाद शहरातल्या एका स्टुडिओच्या खिडकीबाहेर दोन वर्षं राहून आला होता आणि काचेतून सगळं शिकला होता. आंब्याच्या ढोलीत त्याचं वर्कस्टेशन होतं: एक पडदा, एक कळफलक आणि न मोजता येतील इतकी बटणं. तो म्हणाला, तात्याबांचा आवाज रेकॉर्ड करू, साफ करू, संगीत देऊ आणि जांभळीवर स्पीकर लावू. बिबट्या दिसला की नुसतं बटण दाबायचं. म्हाताऱ्याच्या घशालाही आराम.

आवाज घुमू नये म्हणून ढोलीला आतून सुगरणीची जुनी घरटी लावली. तात्याबाच्या कानांवर हेडफोन चढवले आणि माइक पुढे केला. त्यानं तोंड उघडलं आणि बाहेर आला एक खोकला. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हळूच खोकतं ना, तसा. बिचाऱ्यानं जन्मात कधी बिबट्या नसताना ओरडून पाहिलं नव्हतं. वीस टेक झाले. निनाद म्हणाला, सूर नंतर बघू, पण भाव कुठेय?

मग काय, भावासाठी बिबट्यालाच बोलावलं. बिबटेसाहेब अगदी वेळेवर आले, ठरवून दिलेल्या जागी बसले आणि जबडा उघडला. एकविसावा टेक एका झटक्यात ओके झाला. साहेबांनी मानधन घेतलं नाही. कलेसाठी एवढं करायलाच हवं, म्हणाले, आणि जाताना चितळांच्या तब्येतीची चौकशी करून गेले.

निनादनं तो टेक वर्कस्टेशनमध्ये इम्पोर्ट केला. पडद्यावर काटेरी रेघ उमटली. पहिल्यांदा त्यानं मधले श्वास कापले. मग आवाजातली थरथर निवडून यंत्राला सांगितलं की हा कचरा आहे. यंत्र बिचारं आज्ञाधारक, त्यानं तसला सगळा कचरा शोधून शोधून काढला. बिबट्या समोर बसवून कमावलेला भाव त्यातच गेला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलेलं ‘खॅक्’ पेटीच्या काळी चारच्या सुरात बसवलं. त्याच्या तीन नकला करून एकावर एक रचल्या.

आणि मग निनादला वाटलं, एकदम ओरडायचं म्हणजे अगदीच अडाणीपणा. त्यानं आवाजाची रेघ धरून पुढे सरकवली आणि आधी सोळा मात्रा संतूर टाकलं. बिबटेसाहेब सहज डोकावायला आले होते. त्यांनी दोनदा मोजून घेतलं. सोळा पुरतील, म्हणाले.

तात्याबानं ते ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. “हा मी?” त्यानं विचारलं. आयुष्यभर तो ओरडत आला होता, पण कुणी त्याला छान म्हटलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं सात वेळा ऐकलं आणि जेवायचं विसरला.

यमूनंही ऐकलं. दादा, गोड आहे, पण ऐकून पाय हलत नाहीत, असं म्हणाली. तात्याबाला राग आला. तुला कान नाही, असं तो तिला तोडून बोलला. खरं सांगायचं तर यमूला दोन मोठे कान होते आणि दोन्ही चांगले चालत होते.

इशारा जंगलभर गाजला. पाडसं तो ऐकत झोपायला लागली. बारशाला तो वाजायचा, साठीशांतीलाही वाजायचा.

आणि एका दुपारी पलीकडच्या काठावरचं गवत हललं. बिबट्या! तात्याबानं बटण दाबलं. संतूर सुरू झालं.

खाली सगळी चितळं स्पीकरजवळ गोळा झाली. भगवंतराव डोळे मिटून सर्वांत पुढे, खुरानं ताल धरून. तात्याबा वर बसून मात्रा मोजत होता. चौथ्या मात्रेला बिबट्या नाल्यात उतरला. सातव्याला अलीकडे आला. तो मुळीच घाई करत नव्हता, अगदी लयीत येत होता. नवव्या मात्रेला तात्याबाचा धीर सुटला. पोटातून आला तसा तो ओरडला, जुना, फाटका, थरथरता आवाज.

यमू उडाली. पाडस तिच्यामागे उडालं. बाकीचे जागेवरच कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. भगवंतरावांनी डोळे उघडले, वर पाहिलं आणि म्हणाले, “तात्याबा, सूर लागला नाही.”

हेच त्यांचे शेवटचे शब्द. बिबट्या बरोबर समेवर आला.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. भगवंतरावांच्या कलाप्रेमावर सगळे बोलले. मग दोष ठरला. तात्याबाच्या बेसूर ओरडण्यानं श्रोत्यांचं लक्ष विचलित झालं आणि त्या गोंधळात दुर्घटना घडली. कार्यक्रम अर्धवट सोडून गेल्याबद्दल यमूला समज देण्यात आली. ठराव झाला की यापुढे जंगलात कुणीही कच्च्या आवाजात ओरडायचं नाही. ओरडणं आधी रेकॉर्ड करून निनादकडे द्यावं, तो साफ करून दोन दिवसांत देईल. ठरावाला अनुमोदन नाल्यापलीकडून आलं, ढेकरेसकट.

सभा पांगली आणि चितळं पुन्हा चरायला लागली. यमू मात्र जांभळीखाली येऊन उभी राहिली.

“दादा, ठराव गेला खड्ड्यात. तू आपला तुझ्याच आवाजात ओरड. मला तोच कळतो.”

 तात्याबाला तिची माया होती. पाडसाचीही होती. तेवढ्यात पलीकडचं गवत पुन्हा हललं. दोघांनाही दिसलं.

“ओरड ना दादा,” यमू म्हणाली. कळपाकडे बघून म्हणाली, तिथे कुणालाच दिसलं नव्हतं.

तात्याबानं तोंड उघडलं, मिटलं. खाली इतके सगळे जण होते. त्याला लाज वाटली.

“थांब गं जरा,” तो म्हणाला. “आधी सूर लावून घेतो.”

तात्पर्य हवंच का? घ्या तर. वाचवणारा बेसूर असला, बाळांनो, तर खाणाऱ्याला नावं ठेवू नयेत.