पाच पोळ्यांचे नऊशे

उदाजीराव शितोळ्यांनी उभ्या आयुष्यात कधी सट्टा लावला नव्हता आणि फुकट मिळणारी वस्तू कधी सोडली नव्हती. त्यामुळे फाल्गुनातल्या एका दुपारी मोबाइलवर त्यांना सट्ट्याचा परतावा काढून देणारं कॅल्क्युलेटर सापडलं, आणि तेही फुकट, तेव्हा त्यांची मोठीच अडचण झाली. किती लावले, काय भाव आणि किती सामने, एवढं भरलं की हातात काय पडेल तो आकडा खाली येई. देवासच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं त्यांनी गिअरचे दात तपासण्यात घालवली होती. तपासायला काही मिळालं की त्यांना अन्न गोड लागे. पंधरा दिवस ते परक्यांच्या सामन्यांवर न लावलेल्या पैशांचा हिशोब करत बसले आणि त्यात बरेच श्रीमंत झाले.

पण नुसत्या कोरड्या आकड्यांवर माणूस किती दिवस काढणार? त्यातच माळव्यातल्या मराठी मंडळांची क्रिकेट स्पर्धा आली. होळीच्या सुमाराला ही स्पर्धा दरवर्षी होते. देवासकडून उदाजीरावांचा मुलगा अंकुर खेळणार होता आणि पंचाचा पांढरा कोट स्वतः उदाजीरावांच्या अंगात. वीस वर्षं त्यांच्या बोटावर कुणी शंका घेतली नव्हती. आता धारचे भैयासाहेब म्हणजे त्यांचे व्याही. मुलगी शिवानी त्यांच्या घरात दिलेली. ते धारच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि धारच्या संघाबद्दल त्यांना असलेला अभिमान त्या संघाला न पेलणारा होता. फोनवर बोलता बोलता देवास यंदा एकही सामना हरणार नाही, असं उदाजीराव म्हणाले. तसं झालं तर मिशी काढीन, असं भैयासाहेब म्हणाले. मिशीवर गेलेलं बोलणं पैजेशिवाय परत येत नाही.

पैसे लावायचे नाहीत, यावर दोघांचं तत्काळ एकमत झालं. पैसे लावले तर तो सट्टा. व्याह्याव्याह्यांत पुरणपोळ्या लावल्या तर ती आपुलकी. उदाजीरावांनी पाच पोळ्या लावल्या. भाव भैयासाहेबांनी ठरवले. देवासनं कुक्षी गावाच्या संघाला हरवलं तर एकाला दोन, मनावर गावाच्या संघाला हरवलं तर तीन, इंदूरला हरवलं तर पाच, आणि शेवटी धारला हरवलं तर एकाला सहा. चारही जिंकले तरच परतावा, नाहीतर पाच पोळ्या धारला पोचत्या करायच्या. परताव्याचा आकडा मशीन सांगेल तो, आणि रंगपंचमीला पोळ्या घरच्या, बाजारच्या चालणार नाहीत.

दोघांनीही आपापल्या घरी बसून एकच हिशोब केला. दोन नि तीन पाच, पाच नि पाच दहा, दहा नि सहा सोळा. पाचांचे सोळापट ऐंशी. ऐंशी पोळ्या म्हणजे मराठ्यांच्या घरात जेमतेम एक पंगत. उदाजीरावांनी मशीनमध्ये आकडे भरलेही, पण खालच्या अर्ध्या पडद्यावर रमी खेळायला बोलावणारी एक बाई येऊन बसली होती आणि ती काही केल्या हटेना. शेवटी त्यांनी मोबाइल बंद केला.

देवासनं कुक्षीला हरवलं. मनावरला हरवलं. गुरुवारी इंदूरच्या संघाचे चार जण लग्नाला गेल्यामुळे इंदूरलाही हरवलं. त्या दिवशी रमीवाली बाई कुठे दिसली नाही आणि उदाजीरावांना प्रथमच खालचा आकडा दिसला. तो नऊशे होता.

त्यांनी चष्मा पुसला. मशीन भावांची बेरीज करत नव्हतं, गुणाकार करत होतं. पाच दुणे दहा, दहा त्रिक तीस, तीस पंचे दीडशे, दीडशे सक नऊशे. गुणाकार चोख होता, आणि चोख गोष्टीपुढे उदाजीराव नेहमीच नमत आले होते. त्यांनी खूश होऊन त्या आकड्याचा फोटो व्याह्यांना पाठवला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं की धारवाले शब्दाचे पक्के आहेत, नऊशे तर नऊशे, आणि रविवारपर्यंत थांबलं तर रंगपंचमीला व्हायच्या नाहीत म्हणून पुरण आजच चढेल.

"नऊशे पोळ्या," त्यांनी अलकाताईंना, म्हणजे बायकोला, सांगितलं.

अलकाताई मेथी निवडत होत्या. "अच्छा," त्या म्हणाल्या. "आणि लाटणार कोण?"

उदाजीराव हसता हसता थांबले. भैयासाहेबांच्या घरात बायका दोनच. विहीणबाई, म्हणजे माई, गुडघ्यांनी बसलेल्या. उरली शिवानी. ती दिवसभर बँकेत उभी असते आणि घरी आल्यावर स्वयंपाकाला. आपण आपल्याच लेकीवर नऊशे पोळ्या जिंकत आणल्या, हे तेहेतीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शुक्रवारी शिवानीचाच फोन आला. आवाज थकलेला होता. "बाबा, कालपासून आमच्याकडे पुरणाचं पातेलं खाली उतरलं नाहीये. रात्री एकपर्यंत लाटणं चालू होतं. कुछ करा नं तुम्ही."

मी बघतो, असं सांगून त्यांनी लगेच भैयासाहेबांना फोन लावला आणि पैज गमतीची होती, सोडून देऊ, असं सुचवलं. यापेक्षा उदाजीरावांनी शिवी दिली असती तर ती भैयासाहेबांना कमी लागली असती. मग ते म्हणाले की आमच्या घरात नऊशे पोळ्यांचं पीठ नाही असं आपल्याला वाटतं काय? त्यांनी त्याच संध्याकाळी चण्याच्या डाळीचं आणखी एक पोतं आणवलं.

आता मशीनशिवाय वाली नव्हता. उदाजीरावांनी रात्रभर शोधलं, आणि नुकसान टाळणारंही एक कॅल्क्युलेटर निघालं. तेसुद्धा फुकट होतं. त्यात सगळं भरल्यावर त्यानं सल्ला दिला की आता उलट बाजूनं, धार जिंकेल म्हणून, सहाशे पोळ्या लावा, म्हणजे कुणीही जिंकलं तरी तुमच्या तीनशे पोळ्या पक्क्या. उदाजीरावांनी सकाळी हा सल्ला बायकोला वाचून दाखवला. त्या सहाशे कोण लाटणार, एवढंच अलकाताईंनी विचारलं. उदाजीरावांनी ते कॅल्क्युलेटर पुन्हा उघडलं नाही.

म्हणजे एकच वाट उरली होती. देवासनं रविवारी हरायला हवं होतं.

शेवटचा सामना देवासलाच, टेकडीखालच्या मैदानावर होता. दोन्ही पंच दोन्ही गावांचे असावेत या जुन्या रिवाजानं गोलंदाजाच्या बाजूला उदाजीराव आणि स्क्वेअर लेगला भैयासाहेब उभे होते. भैयासाहेबांचे डोळे जागरणानं तांबारलेले होते. उदाजीरावांनी ते पाहिलं. सासऱ्याची ही दशा, तर सुनेची काय असेल?

हरायला हवं म्हणून कुणी हरत नाही. शेवटच्या षटकात देवासला चार धावा हव्या होत्या, गडी एकच उरला होता, आणि बॅट अंकुरच्या हातात होती. अंकुर त्रेपन्नावर खेळत होता. एवढ्या धावा त्यानं आजवर एका दिवसात कधीच केल्या नव्हत्या आणि त्याच्या तोंडावर तो आनंद मैदानाबाहेरूनही दिसत होता. चेंडू आला. बॅटची जाड कड घेऊन तो पॅडवर आपटला. आवाज असा झाला की चहाच्या टपरीवर बसलेल्यांनी माना वळवल्या. गोलंदाजानं नुसतं सवयीनं अपील केलं आणि उत्तराची वाट न बघता तो परत निघाला.

उदाजीरावांच्या डोळ्यांपुढे शिवानीचे हात आले. आणि त्यांचं बोट वर गेलं.

अंकुर क्षणभर बापाकडे बघत राहिला. मग बॅट काखेत मारून तो चालू लागला. धार जिंकलं. बक्षीस समारंभात धारच्या मंडळानं उदाजीरावांना शाल-श्रीफळ दिलं. स्वतःच्या मुलाला अशा वेळी पायचीत देणारा पंच माळव्यात दुसरा झाला नाही, असं एका वक्त्यानं सांगितलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. उदाजीरावांना ती शाल फार टोचली. घरी अंकुर जेवला नाही. बापाकडे एकदा बघून तो फोन घेऊन गच्चीवर निघून गेला.

राहिल्या हरलेल्या पाच पोळ्या. त्या अलकाताईंनी करायचं साफ नाकारलं. "लावल्या तुम्ही, लाटा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि भिशीला निघून गेल्या. सोमवारी सकाळी सातला उदाजीराव ओट्यापाशी उभे राहिले ते साडेअकराला खाली बसले. पहिल्या पोळीतून पुरण बाहेर आलं. दुसरी पोळपाटाला चिकटली, ती तिथेच खरवडून खावी लागली. कशाबशा पाच पोळ्या डब्यात भरून त्यांनी इंदूरवरून धारची बस पकडली.

भैयासाहेबांच्या घरी माई झोपाळ्यावर बसून कागदावर रेघा मारून काहीतरी मोजत होत्या. त्यांनी आत बोट दाखवलं. आत स्वयंपाकघरात भैयासाहेब जमिनीवर बसले होते. मिशीला पीठ लागलेलं. समोर पोळपाट, बाजूला परातभर कणीक.

"या," ते म्हणाले. "उरलेलं पुरण संपवतोय. फेकवत नाही."

"तुम्ही लाटताय?"

"मग कोण लाटणार? गुरुवारी रात्रीच माईनं आणि सूनबाईंनी सांगितलं, ज्यानं शब्द दिला त्यानं लाटायच्या. पहिल्या चाळीस गायीनं खाल्ल्या. गुरुवारपासून सामन्यापर्यंत मोजून एकशेऐंशी जमल्या."

उदाजीराव भिंतीला टेकून खाली बसले. लेक लाटत नव्हतीच. तिनं फोन केला होता तो सासऱ्याच्या कमरेच्या काळजीनं. त्यांनी न विचारता डबा पुढे केला. भैयासाहेबांनी एक पोळी उचलून उजेडात धरली, कड चाचपली आणि जाड राहिली आहे, असं सांगितलं.

"भैयासाहेब," उदाजीराव म्हणाले, "अंकुर आउट नव्हता."

"ठाऊक आहे. वीस पावलांवर उभा होतो, चांगलं ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"भिया, माझ्या सातशेवीस पोळ्या वाचत होत्या," भैयासाहेब म्हणाले. "मी कशाला बोलतो?"

उदाजीरावांनी बाह्या वर केल्या आणि दुसरं पोळपाट ओढून घेतलं. सहाला शिवानी बँकेतून आली, तेव्हा व्याही-व्याही समोरासमोर बसून लाटत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दादाला हे कुणी सांगितलं का, असं विचारलं. दोघंही कणीक मळू लागले. तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला आणि वडिलांपुढे धरला.

"अंकुर," उदाजीराव म्हणाले. "तू आउट नव्हतास रे. मला दिसलं होतं. तरी आउट दिला."

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"तुम्हाला दिसलं होतं?" अंकुर म्हणाला. "मला वाटलं तुमची नजर गेली. मी कालपासून टेन्शनमध्ये आहे, बाबा. जेवण जाईना. उद्या अकराची डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय तुमची. मंडळातल्या लोकांनापण सांगून बसलो, बाबांना कमी दिसतं म्हणून. आता कॅन्सल करू का?"

उदाजीरावांनी पिठाच्या हाताकडे पाहिलं. वीस वर्षांच्या बोटाचा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. येतो मी."

भैयासाहेबांनी लाटणं थांबवलं नाही.

"त्याला म्हणावं," ते म्हणाले, "तिथेच कानाचा कोणी बसत असेल तर माझंपण नाव लिही."