हस्तीमलशेठ जिना चढतात तेव्हा

जीवराम पहूरकर स्वतःची ओळख अशी करून देत: खानदेशातला पहिला शास्त्रशुद्ध गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी इतकी तल्लख की पहूरच्या मास्तरांना ती सोडवेना, म्हणून त्यांनी जीवरामांना नववीत तीनदा बसवून घेतलं. आपण गुप्त आहोत हे जळगावात कुणाला कळायचं राहू नये म्हणून त्यांनी कचेरीवर पाटी लावली होती. ती शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या पाटीपेक्षा हातभर मोठी होती.

कचेरी म्हणजे हस्तीमलशेठच्या घरातली जिन्याखालची भाड्याची खोली. मदतनीस म्हणजे वना. वना धुळ्याकडचा, वय चाळीस. त्याचा पगार हे त्या कचेरीतलं सगळ्यात जुनं न उलगडलेलं रहस्य होतं.

सत्त्याऐंशी साली नवरात्रात शेठ स्वतः खोलीत आले. डाळीचे दलाल, बसण्याआधी खुर्चीचे पाय तपासणारा माणूस.

"जीवरामभाऊ, वरच्या सुकदेवचं भाडं वाढवायचं आहे."

"वाढवा की."

"वाढवण्याआधी सांगावं लागतं. आणि सांगायला तो सापडावा लागतो."

शेठच्या वडिलांपासूनचा नियम होता. भाडं वाढायचं ते दिवाळीच्या पाडव्यापासून, आणि भाडेकरूला सांगायचं ते दसऱ्याच्या आत, समोरासमोर, चांगला चौघडिया म्हणजे पंचांगातली शुभ वेळ पाहून. दसरा हुकला की वर्षभर जुनंच भाडं. कागदावर कळवायला शेठची तयारी नव्हती. "कागद दिला की वकील येतो," ते म्हणाले, "आणि वकील बसला की उठत नाही."

यंदा ते तीनदा वर गेले होते. पहिल्यांदा दाराला कुलूप. दुसऱ्यांदा सुकदेवचे असोद्याचे सगळे पाहुणे चटईवर मांडी घालून बसलेले. चारचौघांत भाड्याचं कसं काढणार, म्हणून शेठ केळीचा भाव विचारून खाली आले. तिसऱ्यांदा सुकदेव गोधडीत, आणि त्याची बायको प्रमिलाबाई त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. संध्याकाळी तोच रोगी सायकलवरून सिनेमाला जाताना दिसला.

"मी येतोय हे त्याला आधी कळतं," शेठ म्हणाले. "घरात फितूर आहे. शोधा. या महिन्याचं तुमचं भाडं माफ."

"वना," शेठ गेल्यावर जीवराम म्हणाले, "भाडं माफ झालं तर तुझ्या पगाराचं बघू. वाढलं तर तुझं तूच बघ."

पगाराचा उल्लेख झाला, एवढ्यानेच वनाला गहिवरून आलं.

जीवरामांचा पहिला सिद्धांत टेलिफोनचा. शेठच्या फोनवरून बातमी फुटते.

"पण सुकदेवकडे फोनच नाही, भाऊ."

"म्हणून तर आजवर कुणाला संशय आला नाही."

दुसरा सिद्धांत पंचांगाचा. शेठ लाभ किंवा अमृत चौघडिया पाहून निघतात. सुकदेवकडेही तेच पंचांग असणार. उपाय सोपा होता, वाईट वेळेला निघायचं. शेठचा चेहरा पडला. "उद्वेग चौघडियात जाऊन भाडं वाढवू? त्यापेक्षा घरच त्याच्या नावावर करतो."

तिसरा सिद्धांत पायताणाचा होता, आणि हा शेठना पटला, कारण त्यात खर्च नव्हता. त्यांच्या मोजड्या करकरत. तेव्हा अनवाणी जायचं. आश्विनातली दुपार, जळगावचं ऊन आणि लोखंडी जिना. शेठ आठव्या पायरीपर्यंत गुप्तपणे गेले. तिथून पुढे त्यांनी जे शब्द उच्चारले ते थेट मारवाडातून आलेले होते आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. वर पाहिलं तर कुलूप.

"आवाज नव्हता तरी कळलं," जीवराम समाधानाने म्हणाले. "म्हणजे आवाजाचा सिद्धांत निकाली निघाला. तपास पुढे सरकतोय."

सरकता सरकता तो शेठाणी चंदनबाईंपर्यंत आला. त्या ओट्यावर मूग निवडत होत्या.

"शेठ वर जाणार हे तुम्ही कुणाला सांगता?"

"मी कशाला सांगू? मला आहे का तेवढी सवड? शेठ मोठ्या कामाला निघाले की त्यांच्या हातावर दही-साखर ठेवायची, बस."

"दही कुठून आणता?" हा प्रश्न वनाचा. जीवरामांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"वरून, प्रमिलाबाईकडून. आमच्याकडे विरजण लावत नाहीत. उरलं तर टाकावं लागतं, म्हणून शेठनीच बंद केलंय."

वना खोलीत येऊन बोटं मोजू लागला. वाटीभर दूध वाचवायला शेठ वर्षाच्या भाडेवाढीवर पाणी सोडत होते. असा हिशेब त्याने फक्त श्रीमंतांच्या घरी पाहिला होता.

"भाऊ, दही. शेठाणी वाटी घेऊन वर गेल्या की..."

"वना, दह्यात कट नसतो, आंबटपणा असतो," जीवराम म्हणाले. "माझा संशय गल्लीतल्या केळीवाल्यावर आहे. तो फार मोठ्याने ओरडतो."

दसरा उजाडला. दसऱ्याला मुहूर्त पाहावा लागत नाही. पण आयत्या मिळालेल्या मुहूर्तावर शेठचा विश्वास नव्हता. त्यांनी लाभ चौघडिया काढला. चंदनबाई वाटी घेऊन वर गेल्या, वाटी घेऊन खाली आल्या. लगेच कुलपाचा आवाज झाला आणि सुकदेव, प्रमिलाबाई नवे कपडे घालून उतरले. प्रमिलाबाई वनाच्या गावाकडची, त्याच्याशी अहिराणीतच बोलायची.

"अक्का, निघाल्या?" वनाने विचारलं.

"वनाभाऊ, शेठाणीबाई दही मांगाले उन्यात का आम्हले बठ्ठं समजी जास," ती पदरात हसली. "दही खाईसन मानूस फाटकबाहेर जात नही, मंग कोठे जाई?"

दोघं असोद्याला सोनं वाटायला गेले. शेठ मोजड्या करकरवत वर गेले आणि तशाच करकरवत खाली आले. जिन्याच्या पायथ्याशी केळीवाल्याविरुद्धचा पुरावा घेऊन जीवराम उभे होते.

शेठनी घड्याळ पाहिलं. लाभ संपायला थोडा वेळ होता. दही पोटात गेलेलं, साखर सरलेली, दसरा जाणारा. ते जीवरामांकडे पाहत राहिले.

"जीवरामभाऊ, ही जिन्याखालची खोलीही माझीच ना?"

"हो, शेठ."

"आणि तुम्ही समोर आहात."

"मी नेहमीच प्रसंगाच्या समोर असतो."

"मग पाडव्यापासून तुमचं भाडं पंचवीस रुपयांनी जास्त. या महिन्याचं माफ, बोललोय ते बोललोय." आणि मुहूर्त सार्थकी लागल्याच्या आनंदात शेठ घरात गेले.

जीवरामांनी वर पाहून पाटी सरळ केली. मग म्हणाले, "वना, हे भाकीत मी मनात केलं होतं. तुझ्या पगारात मात्र आता..."

वनाने पुढचं ऐकलं नाही. तो दूध आणायला गेला होता. त्याच संध्याकाळी त्याने विरजण लावलं आणि गाडगं जिन्याखालच्या खिडकीत ठेवलं, वर जाता-येता चंदनबाईंना सहज दिसेल असं. पुढच्या वर्षी वाटी आधी इथे आली, की शेठ निघाल्याचं सुकदेवऐवजी त्याला कळणार होतं.